खोलीचा अर्धा तास

सोमवार, १५ मार्च २०२१

आलो एकदाचा. गंगापूरहून सकाळची एसटी धरली. गाडीवर पाटी औरंगाबादची आणि कंडक्टर हाळी देत होता संभाजीनगरची; मला दोन्हीकडे जायचं होतं, त्यामुळे भांडण नव्हतं. क्रांती चौकात उतरलो तेव्हा आईने बांधून दिलेले धपाटे अजून कोमट होते. ठेचा मात्र पिशवीत सांडला आणि डिप्लोमाच्या प्रमाणपत्राला हिरवा डाग पडला. रुग्णालयाचे व्यवस्थापक आप्पासाहेब यांनी आधी तो डाग बघितला, मग माझं नाव वाचलं आणि म्हणाले की माणूस पंचविशीतला आणि नाव पंच्याहत्तरीचं. पुंजाराम हे माझ्या आजोबांचं नाव, तेच मला ठेवलं. मी हसलो. नोकरी हातात पडेपर्यंत माणूस कशालाही हसतो.

नोकरी मात्र झकास आहे. दोन वर्षं नगरला मोडक्या हाडांचे एक्स-रे काढले, आता सीटी स्कॅनचं यंत्र मिळालं. राहायला मागच्या बाजूला एक खोली दिली आहे. करोना सरेपर्यंत गावी जायचं नाही, असं मी स्वतःच ठरवलं. घरात आई एकटी, तिला माझ्यामुळे काही व्हायला नको. संध्याकाळी बाजार बंद व्हायच्या आत गुलमंडीवरून ही वही आणली. आईचं म्हणणं, रोज लिहीत जा, बोलायला कुणी नसलं की तू भिंतीशी बोलायला लागतोस. खरं आहे ते.

बुधवार, १७ मार्च

काम कळलं. यंत्राची खोली आत, आमची खोली बाहेर, मधे जाड काचेची खिडकी. आतलं ऐकू यावं म्हणून माइक असतो. पेशंट कण्हला तरी आमच्या स्पीकरवर कळतं. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी यंत्र रिकामं चालवून बघायचं. टेबलावर कुणी नसलं की चित्र काळंभोर आलं पाहिजे. तसं आलं की यंत्र ठीक.

माझ्या वरचे कय्युमभाई, वीस वर्षांचा अनुभव असलेले, यांनी एक नियम तीनदा सांगितला. करोनाचा पेशंट आत झोपतो, खोकतो, धापा टाकतो. तो उठून गेला तरी त्याचा श्वास खोलीत राहतो. म्हणून तो बाहेर पडला की दार लावायचं, हवा बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवायचा आणि अर्धा तास कुणीही आत पाऊल टाकायचं नाही. मग सफाईची बाई जाणार, हायपोच्या जंतुनाशक पाण्याने टेबल, पट्टे, दाराची मूठ सगळं पुसणार, चादर बदलणार. मगच पुढचा पेशंट. कय्युमभाई म्हणाले, "ये आधा घंटा अपना नहीं, कमरे का हक है." दिवसभरात त्यामुळे बारा-तेराच स्कॅन होतात. वेळा मी विभागाच्या वहीत नोंदवायच्या.

सफाईला शमशादआपा आहेत. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलायला गोड. बाहेर स्टुलावर बसून असतात. मी बेल वाजवली की आत जातात. मोबाइल आत न्यायला बंदी, त्यामुळे त्या तसबीहच्या माळेवर वेळ मोजतात. अर्ध्या तासात शंभर मण्यांचे दहा फेरे होतात म्हणे. मी म्हटलं, आपा, तुमचं घड्याळ माझ्यापेक्षा बरं, त्याला सेल लागत नाही. त्या हसल्या आणि डब्यातला खिमा माझ्यापुढे सरकवला. माळ गळ्यात नाही ना, एवढंच विचारलं. नाही म्हटलं आणि अर्धा डबा मीच संपवला.

बुधवार, २४ मार्च

शहर पेटलं आहे. रांग फाटकापर्यंत गेली. स्कोअर दाखवल्याशिवाय कुठे बेड मिळत नाही. फुप्फुसं किती बिघडली त्याला पंचवीसपैकी गुण देतात, त्याला लोक स्कोअर म्हणतात. आता पानाच्या टपरीवरसुद्धा एकमेकांना स्कोअर विचारतात, पोरांना दहावीचे विचारावेत तसे.

एक म्हातारा वैजापूरहून बायकोला घेऊन आला होता, त्याने माझे पाय धरले. "साहेब, लई धाप लागलीय वो तिला. आत तर कुणीच नाय, मोकळी खोली कामून राखायलात?" वीस मिनिटांनी बेल वाजवली. नोंद तीसची केली. पंखा दणकट आहे, दहा मिनिटांनी काय बिघडतं?

सोमवार, २९ मार्च

आज धुळवड. रंग कुणालाच सुचला नाही. खोलीला बारा मिनिटं देतो आहे. आज सत्तावीस स्कॅन झाले. आप्पासाहेब स्वतः खाली आले, सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि म्हणाले की यंत्र एक नाही, दोन आहेत. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. नियमाचा कंटाळा मला आलाच होता, वर ही शाबासकी. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

कय्युमभाईंची दुसरी पाळी असते, त्यांना हे माहीत नाही. शमशादआपा बेल वाजली की उठतात, बादली उचलतात, आत जातात. एकदा माझ्याकडे काचेतून बघितलं. मग पुसायला लागल्या.

शुक्रवार, २ एप्रिल

सकाळच्या रिकाम्या चाचणीत चित्र काळं आलं नाही. मधोमध करडा धूर. पडद्याची काच पुसली, यंत्र बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नीट आलं. कंपनीच्या माणसाला फोन केला, तो स्वतःच विलगीकरणात आहे. दुपारपर्यंत मी विसरून गेलो.

रविवार, ४ एप्रिल

ती फुप्फुसं आहेत.

नीट लिहितो. टेबल रिकामं होतं, मी स्वतः आत जाऊन हात फिरवून आलो होतो. यंत्र चालवलं. चित्रात दोन फुप्फुसं आली. बरगड्या नाहीत, कणा नाही, हृदय नाही. नुसती फुप्फुसं, कुणी झोपलं असतं तर जिथे असती तिथे, आणि खालच्या भागात पांढरे ठिपके. गेल्या पंधरवड्यात शेकड्यांनी बघितली आहेत, त्यामुळे डोळ्याने आपोआप गुण दिले. आठ.

कय्युमभाईंना बोलावलं. वाटलं होतं, ते म्हणतील झोप घे. त्यांनी बराच वेळ बघितलं, चित्र पुसून टाकलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कमरे को कितने मिनट दे रहा तू?"

मी म्हटलं, तीस.

मंगळवार, ६ एप्रिल

कय्युमभाई काल पॉझिटिव्ह निघाले. घरीच आहेत. सकाळ-दुपार मी एकटा. खोलीला वीस मिनिटं द्यायचं ठरवलं होतं, पण दारावर लोक थापा मारत होते, पुन्हा बारावर आलो. मला या लोकांचा राग येतो आणि मग त्या रागाची लाज वाटते.

आज दार बंद असताना स्पीकरवर धाप ऐकू आली. खोलीत कुणी नव्हतं. मी काचेला नाक लावून बघितलं. चादर पांढरी, सपाट. आवाज मात्र टेबलाच्या जागेवरून येत होता, आत घेतलेला दम पुरत नाही तसा. आपांसाठी दार उघडलं आणि तो आवाज मधेच तुटला. आपा आत गेल्या, पुसलं, बाहेर येऊन खोकल्या. हायपोचा वास घशाला लागतो म्हणाल्या. मी त्यांना घरी जा म्हणायला हवं होतं. बाहेर एकोणीस जण बसले होते.

सकाळचं चित्र: अकरा.

गुरुवार, ८ एप्रिल

सकाळी रिकाम्या यंत्रात चौदा आले. डाव्या बाजूला खाली एक पांढरा डाग, कडेला वळलेला, कोयरीसारखा.

दुपारी तीन वाजता शमशादआपांना त्यांची मुलगी अमिना रिक्षातून घेऊन आली. ताप होता, ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. मीच स्कॅन काढला. मीच काढणार, दुसरं आहे कोण. आपा टेबलावर झोपताना म्हणाल्या की आजवर नुसतं पुसलं, झोपायची आज पहिलीच वेळ.

चौदा. डावीकडे खाली कोयरी. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली, मग एकावर एक ठेवून पाहिली. केसाचाही फरक नाही. सकाळचं चित्र आठ वाजता काढलेलं होतं.

माझ्यामुळे झालं हे. बारा मिनिटांवर बेल मी वाजवली.

शनिवार, १० एप्रिल

काल सकाळी चित्रात पंधरा होते, काल रात्री आपांची तब्येत घसरली. आज सकाळी सतरा आहेत. म्हणजे जे तिकडे वॉर्डात आपांना व्हायचं ते इथे आधी दिसतं.

पीपीई किट चढवून वॉर्डात गेलो. सगळं सांगितलं. चित्राचं नाही, मिनिटांचं. त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. मला वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "मेरेकू मालूम था बेटा. चारच फेरे होते थे. मैं बोली, बाहर लोगां मर रहे, छोकरा जल्दी कर रहा होगा." मग दम खाऊन म्हणाल्या, "अब तो दस पूरे होने दे."

मी शब्द दिला. हातमोजा काढावा आणि त्यांचा हात धरावा असं वाटलं. नाही धरला. भीती वाटली.

सोमवार, १२ एप्रिल

दोन दिवस पूर्ण तीस मिनिटं देतो आहे. एक मिनिट कमी नाही. सफाई मीच करतो, नवी बाई यायला तयार नाही. स्पीकरवरची धाप पहिली दहा मिनिटं जोरात असते. वीस मिनिटांनी लांबते. अठ्ठाविसाव्या, एकोणतिसाव्या मिनिटाला हळू होत होत विरते, झोपलेल्या माणसासारखी. मग मी आत जातो.

आज सकाळचं चित्र: चौदा. दुपारी सिस्टरने सांगितलं, आपांचा ऑक्सिजन ब्याण्णववर आला, दोन घास भात खाल्ला.

फाटकाशी बसलेल्या अमिनाला हे सांगितलं. ती रडली. मीही.

मंगळवार, १३ एप्रिल

पाडवा. चित्रात अकरा. आपा उठून बसल्या.

रांगेत चाळीस जण. दिवसाला पुन्हा तेराच होतात. कन्नडहून आलेला एक माणूस फाटकाबाहेर रिक्षातच गेला. त्याचा नंबर सतरावा होता. त्याच्या भावाने माझ्या खिडकीशी येऊन शांतपणे विचारलं की आतमध्ये अर्धा अर्धा तास काय करता तुम्ही. बारा मिनिटं दिली असती तर त्याचा नंबर लागला असता. मी हे कुणाला सांगू? इकडे आड, तिकडे विहीर.

आईचा फोन. आवाज बसलेला वाटला. म्हणाली, "काय नाय रं, उन्हाचं पाणी बाधलं आसंल."

शुक्रवार, १६ एप्रिल

आप्पासाहेब सकाळपासून मागे उभे. ओरडले, नोकरीची भाषा केली. मग आवाज उतरवून म्हणाले की त्यांचा स्वतःचा मेहुणा रांगेत आहे. चार स्कॅन दहा-दहा मिनिटांवर करायला लावले. मी केले. मी हातपाय गाळले, खरं ते लिहितो.

तिसऱ्याला दार उघडलं तेव्हा स्पीकरवर धाप तुटली नाही. किंचाळल्यासारखी झाली. मग तुटली.

चौथा पेशंट आत असताना वॉर्डातून फोन. आपांचा ऑक्सिजन एकाएकी चौऱ्याहत्तर. तोंडात नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतलं. वेळ विचारली. तीच, तिसऱ्याला दार उघडलं ती.

शनिवार, १७ एप्रिल

सकाळी बावीस.

विभागाला आतून कडी लावली. पेशंट मीच आत घेतो, मीच सोडतो. तीस मिनिटं. कुणी कितीही ठोकू दे. आप्पासाहेब दाराबाहेरून म्हणाले, सोमवारी माझ्या जागी दुसरा येतो आहे. येऊ दे. आजचा दिवस आणि उद्याचा दिवस माझा आहे.

संध्याकाळी सिस्टर म्हणाली, किंचित सुधार.

रविवार, १८ एप्रिल

सकाळी वीस. उतरतं आहे. दोन दिवस असेच गेले तर वाचतील. सिस्टरपण हेच म्हणते.

११.४० – पाचवा पेशंट बाहेर गेला. दार लावलं. धाप सुरू झाली.

११.४६ – शेजारच्या कारभारीकाकांचा फोन. फाटकात जीप आहे. आईला आणलं आहे. चार दिवस ताप होता, मला कळू द्यायचं नाही म्हणाली. मला नोकरीवरून उठावं लागेल म्हणून.

११.४९ – दाराच्या काचेतून दिसते. चाकाच्या खुर्चीत. ओठ निळे. फाटकातल्या डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावून बघितलं, एकोणऐंशी. एक बेड आहे. एकच. स्कोअर आणा म्हणतात, नाहीतर पुढच्याला देतील. पुढचा पण बाजूलाच उभा आहे, कागद घेऊन.

नऊ मिनिटं झाली.

११.५१ – मी काकांना म्हटलं, थांबा. दहा फेरे, म्हटलं. त्यांना काय कळणार.

आई मान टाकते आहे.

११.५३ – तेरा. धाप अजून जोरात. आणखी सतरा. सतरा मिनिटं आई –

शब्द दिला आहे मी. आईला नाही, दिलेला आपांना –

११.५४ – उघडलं. माफ करा आपा. उघडलं मी.

११.५७ – आईला आत घेतलं. टेबलापाशी खुर्ची नेली. ती उठेना. टेबलाकडे बघत म्हणाली, ह्या बाईला आधी उठव की रं, मग मी झोपते. मी म्हटलं, कुणी नाही आई. ती म्हणाली, तोंडात नळी हाय हिच्या, कामून खोटं बोलतूस.

आईला यातलं काहीच माहीत नाही. मी तिला आपांचं नावसुद्धा कधी –

११.५९ – कडेला सरकून झोपली. शेजारी जागा ठेवून. मी चादरीवर हात फिरवला. मधोमध गरम होती.

बाहेर आलो. यंत्र तयार. पडद्यावर विचारतं आहे, सुरू करायचं का. काकांचा हात दारावर. लवकर, लवकर.

स्पीकरवर दोन धापा. एक आईची ओळखतो.

१२.०० – फोन वाजतो आहे. वॉर्डाचा नंबर. मला तो उचलवत –

वाजतो आहे.

अजून.

थांबला.

आता एकच धाप. आई माइकवर बोलते आहे, हळू, मला लहानपणी निजवताना बोलायची तशी. म्हणते, बाई निवांत झाली बघ. हात सोडला माझा. आता तू तुझं काम –